साहेबांच्या गाडीचा फोटो

रत्नप्रभा घाडीने कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. तोवर तिचे स्वतःचे फोटो आयुष्यात दोनदाच निघाले होते. एकदा लग्नात, आणि एकदा कुंदाच्या बारशाला.

कुंदा तिची एकुलती एक मुलगी. १९८३ च्या मार्चमध्ये भांडुपच्या आग्रा रोड नाक्यावर, सकाळी शाळेत जाताना ती ट्रकखाली आली. अकरा वर्षांची होती. ट्रकवाला थांबला नाही. मागून एक फियाट येत होती, ती मात्र थांबली. गाडीत मार्तंड कर्णिक होते. जवळच्याच एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, टेकडीच्या अंगाला स्वतःचा बंगला. त्यांनी कुंदाला दोन्ही हातांवर उचललं, मागच्या सीटवर ठेवलं आणि हॉर्नवरचा हात न काढता इस्पितळ गाठलं. मुलगी दुपारी गेली. संध्याकाळी रत्नप्रभाला गाडीची सीट दिसली. पांढरं कव्हर रक्ताने पार माखलं होतं. ती काहीतरी पुटपुटली. कर्णिक म्हणाले, "बाई, त्याचं काय बोलता." त्यांनी स्वतः गाडीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर नाक्यावर सिग्नल यावा म्हणून कर्णिक झटले. भागातल्या नागरिक मंडळाचे ते अध्यक्ष होते. बावीस महिने अर्ज, शिष्टमंडळं, सह्या. एकदा रास्ता रोको केला तेव्हा चौकीत दिवसभर बसून आले. रत्नप्रभा प्रत्येक वेळी त्यांच्यामागे असायची. बोलायची नाही, नुसती उभी राहायची. १९८५ च्या जानेवारीत सिग्नल लागला. कर्णिकांनी नारळ तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच फोडा."

पण दोन महिने झाले तरी सिग्नलला कोणी भीक घालीना. हवालदार समोर असला तर गाड्या थांबत. तो चहाला गेला की ट्रक, कंपन्यांच्या बस, टॅक्स्या सगळ्या सुटत. मार्चमध्ये एका केळीवाल्याला स्कूटरने उडवलं, त्याचा पाय मोडला. मंडळाची सभा भरली तेव्हा कर्णिकांनी नवी कल्पना मांडली. सिग्नल तोडणाऱ्या गाडीचा फोटो काढायचा. एक प्रत मंडळाच्या वाचनालयाबाहेरच्या काचेच्या फलकात लावायची, एक दर सोमवारी वाहतूक चौकीत द्यायची. चौकीतले साहेब दंड करायला तयार होते. मंडळाने जुना कॅमेरा मिळवला. प्रश्न एवढाच होता की रोज सकाळी नाक्यावर उभं कोण राहणार.

"मी राहते," रत्नप्रभा म्हणाली.

ती एका बालवाडीत मदतनीस होती. कामाला दहाला जायचं असायचं. त्याआधीचे दोन तास तिचे होते.

माणिक पेडणेकरचा नाक्याजवळच फोटो स्टुडिओ होता. त्याने तिला शिकवलं. "वहिनी, फोटोत तीन गोष्टी पाहिजेत. वरचा दिवा, रस्त्यावरचा पांढरा पट्टा आणि गाडीचा मागचा नंबर. आपला रोल काळा-पांढरा, लाल रंग त्यात कळायचा नाय. पण वरचा दिवा उजळलेला दिसला की लाल. तो नाय दिसला तर फोटो फुकट."

पहिल्या रोलमधले चारच फोटो धड निघाले. तिसऱ्या रोलपर्यंत तिचा हात बसला. लादीच्या दुकानाच्या कट्ट्यावर ती उभी राहायची, पदर खोचलेला, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात. एका कंपनीच्या बसचा फोटो तीनदा लागला तेव्हा त्या कंपनीचा मॅनेजर स्वतः वाचनालयात येऊन माफी मागून गेला. ट्रकवाले तिला लांबून बघून ब्रेक लावायला लागले. बायका मुलांना शाळेत सोडताना तिच्याकडे बघून हसायच्या. कोणीतरी तिला सिग्नलबाई म्हणायला लागलं, आणि तिला ते आवडलं.

तिचा नवरा धाकू याला मात्र ते आवडत नव्हतं. गिरणीच्या संपात त्याची नोकरी गेली होती, आता तो एका गोदामावर वॉचमन होता. कुंदा गेल्यापासून त्या नाक्यावर त्याने पाऊल टाकलं नव्हतं. कामावर जायला तो मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घ्यायचा.

"कित्याक जातंस गो थंय रोज?" त्याने एकदा विचारलं. "फोटो काढून आपलां चेडू परत येतलां?"

"दुसऱ्याचं जाणार नाही."

पुन्हा धाकूने तो विषय काढला नाही.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी, सव्वाआठच्या सुमाराला, वरचा दिवा लागला. माणसं रस्ता ओलांडायला उतरली. डावीकडून एक गाडी न थांबता आली आणि मधून निघून गेली. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण रस्त्याच्या मध्यावर होती, ती मागे उडी मारताना पडली. पाटीतले बोंबील रस्ताभर झाले. रत्नप्रभाने बटण दाबलं होतं. बोट सवयीने चाललं होतं. गाडी कोणाची हे तिला नंतर कळलं, ती वळून दिसेनाशी होताना.

शनिवारी माणिक प्रिंट घेऊन तिच्या घरी आला. एरवी तो येत नसे, तीच स्टुडिओत जायची.

"वहिनी, बाकीचे लिफाफ्यात आहेत. हा एक वेगळा ठेवलाय."

वरचा दिवा लख्ख. पांढरा पट्टा मागे पडलेला. फियाटचा नंबर एकेक आकडा वाचता येत होता. कोपऱ्यात कोळणीचा हात दिसत होता, जमिनीला टेकलेला.

"काय करू?" माणिकने विचारलं.

"मी बघते," ती म्हणाली.

ती त्याच संध्याकाळी कर्णिकांच्या बंगल्यावर गेली. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. ती कधीही आली तरी ते तिला खुर्चीवर बसवायचे. त्यांच्या पत्नीने चहा आणला. रत्नप्रभाने फोटो टेबलावर ठेवला. कर्णिकांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला.

"त्या दिवशी दिल्लीहून माणसं आली होती," ते म्हणाले. "उशीर झाला होता. बाईंना लागलं का फार?"

"कोपर फुटलं."

"वाईट झालं." त्यांनी चष्मा काढला. "मी काय सांगणार तुम्हाला, रत्नप्रभाबाई? कॅमेरा तुमच्या हातात आहे. तुम्ही लावायचा म्हणालात तर मी अडवणार नाही. फक्त एवढंच वाटतं, उद्या ट्रकवाले म्हणतील, ज्याने सिग्नल आणला तोच तोडतो. मग मंडळाचं कोण ऐकणार? इतकं सगळं केलं आपण."

तिने चहाचा कप उचलला.

"मी एरवी वेगाने चालवत नाही," कर्णिक म्हणाले. "आयुष्यात एकदाच बेफाम चालवली. तुम्हाला ठाऊक आहे कधी."

रत्नप्रभाने चहा संपवला. फोटो टेबलावरच राहू दिला. ती उठली तेव्हा कर्णिकांनी खण उघडून तो आत ठेवला, आणि दारापर्यंत सोडायला आले. उतरणीवरून येताना तिला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती. साहेबांचे उपकार थोडे तरी फिटले, असं तिने मनाशी म्हटलं. धाकूला तिने काही सांगितलं नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी भीमराजचा फोटो निघाला.

भीमराज तिच्याच वस्तीत, मागच्या ओळीत राहायचा. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवायचा. बायको मालन, दोन लहान मुली. जूनमध्ये एकदा त्याचा फोटो फलकात लागला होता. तेव्हा तो हसत हसत दंड भरून आला होता आणि तिला म्हणाला होता, "वैनी, फोटो झकास आलाय, एक कॉपी द्या ना." पण आता चौकीचा नियम झाला होता. रिक्षा-टॅक्सीवाल्याचा दुसऱ्यांदा फोटो आला की लायसन्स आणि बॅज सहा महिने जमा.

फोटो काढलेल्या दिवशीच संध्याकाळी तो तिच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"वैनी, सकाळी तुम्ही काढलात ना?"

"काढला."

"चूक माझीच आहे. नाय म्हणत नाय. पॅसेंजर घाई करत होता, पुढची टॅक्सी गेली, तिच्यामागे मीपण घातली. पण सहा महिने वैनी... शेठ दुसऱ्याला देईल रिक्षा. एवढा एक सोडा. पुन्हा दिसलो तर स्वतः चौकीत नेऊन द्या मला."

त्याने हात जोडले. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता. कुंदाच्या दिवसांना त्याने मांडव घातला होता, भांडी वाहून आणली होती. हे सगळं रत्नप्रभाला आठवत होतं. तरीही फियाटचा तो फोटो आतून तिला टोचत होता. याला सोडलं तर पुढच्याला काय सांगायचं, असं तिला वाटलं. एकदा वाकली होती, आता ताठ उभं राहायलाच हवं असंही वाटलं.

"नाही रे भीमराज," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा. मी कोणाचा सोडला तर मग उभी कशाला राहू तिथे?"

भीमराजने मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला, आणि गेला.

सोमवारी फोटो चौकीत गेला. बुधवारी भीमराजचा बॅज जमा झाला. गुरुवारी ती रिक्षा दुसराच कोणी चालवत होता. मालन नळावर रत्नप्रभाच्या मागे उभी राहायची, ती आता दोन बायका मध्ये सोडून उभी राहू लागली. भीमराज एका लोखंडाच्या गोदामात हमालीला जाऊ लागला. त्याला सवय नव्हती, आठवड्यात खांदे सोलवटले.

फियाटच्या फोटोचं माणिकने भीमराजला आपणहून सांगितलं नव्हतं. भीमराज आपल्या दोन्ही फोटोंच्या तारखा विचारायला स्टुडिओत गेला होता. चौकीत अर्ज करून बघायचा होता त्याला. माणिक निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडासमोर धरून शोधत होता. भीमराज शेजारी उभा राहून बघत होता. गाडी निगेटिव्हमध्येसुद्धा ओळखू येते. त्या फियाटला तर अख्खा भाग ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लादीच्या दुकानासमोर आला. आजूबाजूला माणसं होती. त्याने आवाज चढवला नाही.

"वैनी, साहेबांचा फोटो कुठाय?"

रत्नप्रभाच्या हातातला कॅमेरा खाली आला.

"का लपवला ते विचारत नाय मी. ते कळतं मला. तुमच्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं. एकच सांगा. मी दारात आलो, नियम सगळ्यांना सारखा म्हणालात. तेव्हा तो फोटो निघाला होता?"

"निघाला होता."

"मग मला सोडत नाय एवढंच म्हणायचं होतं," भीमराज म्हणाला. "नियमाचं नव्हतं म्हणायचं."

तो कामावर निघून गेला. रत्नप्रभा कट्ट्यावर बसली. समोर दिवे बदलत राहिले, गाड्या जात राहिल्या. त्या दिवशी तिने एकही फोटो काढला नाही.

संध्याकाळी तिने माणिककडून तो फोटो पुन्हा काढून घेतला, मोठ्या आकारात. फलकाची किल्ली तिच्याकडेच असायची. रविवारी दहाला मंडळाची सभा होती. ती नऊ वाजताच गेली आणि सगळे फोटो काढून मधोमध तेवढा एक लावला. खाली तारीख आणि वेळ लिहिली.

लोक जमले, फलकासमोर थांबले आणि आत गेले. कर्णिकही थांबले. त्यांनी फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखा नमस्कार केला.

सभा सुरू होताच ते उभे राहिले. "बाहेर माझ्या गाडीचा फोटो लागला आहे," ते म्हणाले. "तो खरा आहे. मी सिग्नल तोडला. कारण सांगत नाही, कारण सगळ्यांकडेच असतं. उद्या सकाळी मी स्वतः चौकीत जाऊन दंड भरणार आहे."

मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा." कर्णिकांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या.

रत्नप्रभा उभी राहिली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"हा फोटो ऑक्टोबरातला आहे. साहेबांना तेव्हाच दाखवला होता. लपवला मी. नंतर भीमराजचा निघाला, तो मी लावला. त्याचं काम गेलं. मंडळाने चौकीला पत्र द्यावं, त्याचा बॅज परत करा म्हणून. सगळ्यांना सारखं नव्हतं, असं लिहून द्यावं."

"म्हणजे साहेबांना खोटं पाडायचंय का तुला?" मंडळाच्या चिटणीसांनी विचारलं. चंद्रप्रकाश त्यांचं नाव, बँकेत होते. "ज्यांच्या गाडीतून तुझी पोर नेली, त्यांचा फोटो चव्हाट्यावर लावतेस? थोडी तरी चाड ठेव."

"चंद्रप्रकाश, पुरे," कर्णिक म्हणाले. ते तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "बाई, त्याचा माझा विषय वेगळा आहे. माझी पहिली वेळ, त्याची दुसरी. शिवाय तो रोज माणसं घेऊन रस्त्यावर असतो. त्याच्यावर जबाबदारी जास्त. भावनेच्या भरात मंडळाला असं पत्र देता येणार नाही."

"तुमची पहिली वेळ मी बघितलेली, साहेब," ती म्हणाली. "मी नसताना किती, मला काय माहीत?"

सभेत कुजबुज सुरू झाली. कर्णिकांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. ते खाली बसले आणि पुढे काही बोलले नाहीत. त्यांना बोलावं लागलंही नाही. ठराव चंद्रप्रकाशांनी मांडला. यापुढे फोटो तिघांची उपसमिती निवडेल आणि कॅमेरा मंडळाच्या ताब्यात राहील. हात वर झाले. रत्नप्रभाने कॅमेरा टेबलावर ठेवला, बाजूला फलकाची किल्ली ठेवली, आणि ती बाहेर आली.

सोमवारी कर्णिकांनी खरंच दंड भरला. त्याची पावती चंद्रप्रकाशांनी फलकात लावली, फोटो काढून त्या जागी. पुढे कितीतरी दिवस लोक ती पावती मुलांना दाखवत. एवढा मोठा माणूस, पण स्वतः गेला, म्हणत. उपसमितीची एकच बैठक झाली. नाक्यावर उभं राहायला कोणी मिळालं नाही. कॅमेरा वाचनालयाच्या कपाटात गेला.

मंडळ पत्र देत नाही म्हटल्यावर रत्नप्रभा स्वतः चौकीत गेली. बालवाडीच्या बाईंकडून अर्ज लिहून घेतला होता. चौकीतल्या साहेबांनी तो वाचला.

"बाई, या रिक्षावाल्याचा फोटो खोटा आहे का?"

"नाही."

"दिवा लाल होता?"

"होता."

"मग मी काय करू?" त्यांनी अर्ज परत केला. "तुम्हीच आणून देता, तुम्हीच सोडवायला येता."

ती तशीच भीमराजच्या घरी गेली. दारात ट्रंक होती, चटया गुंडाळलेल्या होत्या. मालनचा भाऊ डोंबिवलीला एका छापखान्यात होता, त्याने भीमराजला तिथे कामाला लावायचं ठरवलं होतं. मुली एका बोचक्यावर बसून चुरमुरे खात होत्या. मालन तिला बघून आत गेली.

"चौकीत गेले होते," रत्नप्रभा म्हणाली. "ऐकलं नाही त्यांनी."

"कळलं मला सभेचं," भीमराज दोरी बांधता बांधता म्हणाला. "माणिक सांगत होता. एवढ्या माणसांत बोललात."

"उशिरा बोलले."

"हां." त्याने गाठ ओढली, ती सुटली, पुन्हा बांधली. "तुमचा राग नाय वैनी. होता, आता नाय. पण खरेपणाची सुरुवात माझ्यापासून केलीत. साहेबांपासून केली असती तर मीपण टाळी वाजवली असती."

तिला काहीतरी द्यायचं होतं, मुलींच्या हातावर निदान खाऊ ठेवायचा होता. पण पिशवीत अर्जाशिवाय काही नव्हतं. टेम्पो आला. तिने एक चटई उचलून टेम्पोत ठेवली. मालनने ती बाहेर काढली, झटकली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली.

घरी आल्यावर तिने धाकूला सगळं सांगितलं, पहिल्या संध्याकाळपासून. शेवटी तो म्हणाला, "साहेबान आपल्या चेडवाक उचललां, ता खरां. पन त्येचां भाडां किती वर्सां भरुचां?"

ती रडली नाही. भात लावायला उठली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती बालवाडीला निघाली होती. नाक्यावर वरचा दिवा लागला होता. कर्णिकांची फियाट पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मागे उभी होती. चाकं पट्ट्याला शिवलीसुद्धा नव्हती. आजूबाजूच्या दोन रिक्षा आणि एक ट्रकही त्यांना बघून थांबले होते. कर्णिकांनी काच खाली केली आणि हात जोडले.

"कशा आहात, बाई?"

लोक बघत होते. रत्नप्रभाने मान हलवली आणि ती रस्त्यावर उतरली. मधोमध असतानाच दिवा बदलला. ट्रकवाल्याने गाडी पुढे घेतली, पण कर्णिकांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं. सगळी वाहनं उभी राहिली, ती पलीकडे पोचेपर्यंत. इतर कोणाही गाडीवाल्यासारखा त्यांनी एकदा तरी हॉर्न वाजवावा, असं तिला चालताना फार वाटत होतं. त्यांनी वाजवला नाही.